बंद फायली, बोलका कैदी

खुनाच्या एखाद्या गुन्ह्यात जन्मठेप भोगत असलेल्या कैद्याच्या हातून आणखीही खून झाले असावेत, असा संशय आला की वीस-तीस वर्षांपूर्वी कपाटात गेलेल्या फायली पुन्हा टेबलावर येतात. पोलिसांच्या भाषेत ही ‘कोल्ड केस’. गुन्हा घडला हे नक्की असते, पण धागेदोरे संपल्यामुळे तपास थांबलेला असतो. महाराष्ट्रात अशा वेळी पोलीस न्यायालयात ‘ए समरी’ सादर करतात, म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी मिळत नाही. तेवढ्याने प्रकरण कायमचे मिटत नाही. भारत, ब्रिटन आणि अमेरिका या तिन्ही देशांत खुनाच्या गुन्ह्याला मुदतीचे बंधन नाही. नवा पुरावा हाती आला की तपास पुन्हा सुरू करता येतो.

एरवी तपास पुराव्याकडून माणसाकडे जातो. इथे तो उलटा चालतो. माणूस आधीच गजाआड आहे, त्याची पद्धत माहीत आहे, आणि त्याने केलेले गुन्हे शोधायचे आहेत. हे वाटते त्यापेक्षा जोखमीचे काम आहे. एकदा खुनी हाती लागला की प्रत्येक अनुत्तरित फाइल त्याच्याच मापाची दिसू लागते, आणि कैदी बोलका असेल तर विचारायलाच नको.

या कामाचे सर्वांत मोठे उदाहरण अमेरिकेतील सॅम्युअल लिटल याचे. १९४० साली जॉर्जिया राज्यात जन्मलेला आणि ओहायोतील लोरेन गावात वाढलेला लिटल एके काळी मुष्टियोद्धा होता. पुढचे आयुष्य त्याने चोऱ्यामाऱ्या करीत, गाडीतून राज्याराज्यांत भटकण्यात घालवले. १९७५ पर्यंत ११ राज्यांत मिळून त्याला २६ वेळा अटक झाली होती. बाईला ठोसा मारून बेशुद्ध करायचे आणि मग गळा आवळायचा, ही त्याची पद्धत. चाकू नाही, गोळी नाही. त्यामुळे शवविच्छेदनात खून झाल्याचे ठळक लक्षण सापडेलच असे नसे, आणि मृतदेह उशिरा मिळाला तर काहीच सांगता येत नसे. अनेक मृत्यूंची नोंद अमली पदार्थांचा अतिरेक, अपघात किंवा नैसर्गिक कारण अशी झाली. काही मृतदेहांची ओळख तर कधीच पटली नाही.

त्याने निवडलेल्या स्त्रिया बहुतेक गरीब होत्या आणि त्यांतल्या पुष्कळशा कृष्णवर्णीय. कोणी व्यसनात अडकलेली, कोणी शरीरविक्रय करणारी. त्या दिसेनाशा झाल्या तरी चौकशी करायला पोलीस ठाण्यात फारसे कोणी येत नसे, आणि आले तरी त्यांचे म्हणणे फारसे मनावर घेतले जात नसे. लिटल याला हे पक्के ठाऊक होते. तो वारंवार पकडला गेला, पण दर वेळी निसटला. १९८२ मध्ये मिसिसिपीतील पास्कागूला शहरात एका खुनाच्या संशयावरून त्याला धरले, पण तिथल्या ग्रँड ज्युरीने खटला उभा राहू दिला नाही. १९८४ च्या आरंभी फ्लोरिडात दुसऱ्या खुनाच्या खटल्यातून तो निर्दोष सुटला. त्याच वर्षी सॅन डिएगोत एका बेशुद्ध स्त्रीसह तो गाडीत रंगेहाथ सापडला, तेव्हाही शिक्षा झाली ती मारहाणीची. सुमारे अडीच वर्षांत तो बाहेर आला आणि लॉस एंजेलिसला गेला. तिथे पुढच्या दोन-अडीच वर्षांत किमान तीन स्त्रिया त्याच्या हातून मारल्या गेल्या.

हे तीन खून २०१२ मध्ये उकलले, आणि तेही कबुलीमुळे नाही. लॉस एंजेलिस पोलिसांच्या जुन्या गुन्ह्यांच्या पथकाने १९८७ ते १९८९ मधील खुनांचा मुद्देमाल पुन्हा तपासायला पाठवला होता. मृतांच्या नखांखाली आणि कपड्यांवर मिळालेला डीएनए राष्ट्रीय संग्रहातील लिटल याच्या नमुन्याशी जुळला. तो केंटकीतील लुईव्हिल शहरात बेघरांच्या आश्रयगृहात राहत होता. अमली पदार्थांच्या एका जुन्या प्रकरणाचे वॉरंट होते, त्यावर त्याला ताब्यात घेऊन कॅलिफोर्नियात आणले. सप्टेंबर २०१४ मध्ये त्याला तीन जन्मठेपा झाल्या, पॅरोलवर सुटण्याची सोय नसलेल्या. या खटल्यात पास्कागूलाहून आलेल्या, त्याच्या तावडीतून जिवंत सुटलेल्या स्त्रियांनीही साक्ष दिली. त्यांच्या शब्दाला तीस वर्षांपूर्वी किंमत मिळाली असती, तर पुढचे किती मृत्यू टळले असते याचा हिशेब करता येईल. तो कोणी अधिकृतपणे मांडलेला नाही, एवढेच.

शिक्षा झाली, पण लिटल सर्व काही नाकारतच राहिला. पुढचे पाऊल पडले ते एफबीआयच्या ‘व्हायकॅप’ या विभागातून. १९८५ साली सुरू झालेल्या या यंत्रणेची कल्पना पिअर्स ब्रुक्स या लॉस एंजेलिसच्या तपास अधिकाऱ्याची. आपण तपासत असलेल्या खुन्याच्या हातचे खून इतर शहरांतही झाले आहेत का, हे पाहण्यासाठी ब्रुक्स एके काळी ग्रंथालयात बसून बाहेरगावची वर्तमानपत्रे चाळत असे. अमेरिकेत हजारो स्वतंत्र पोलीस दले आहेत आणि एका गावाच्या फायलीत काय आहे ते दुसऱ्या गावाला कळण्याची सोय नव्हती. व्हायकॅपमध्ये या दलांनी आपापल्या हिंसक गुन्ह्यांचा तपशील भरायचा आणि विश्लेषकांनी त्यात साम्य शोधायचे, अशी योजना आहे. माहिती भरणे मात्र ऐच्छिक. त्यामुळे संग्रह कायम अपुरा असतो. तरीही त्यात टेक्सासमधील ओडेसा शहरातल्या १९९४ च्या एका खुनाची नोंद होती. ती लिटल याच्या पद्धतीशी जुळते, हे विश्लेषक क्रिस्टीना पॅलाझोलो यांच्या लक्षात आले. त्यांनी टेक्सास रेंजर्स या राज्यस्तरीय तपास दलाचे जेम्स हॉलंड यांना सोबत घेतले आणि मे २०१८ मध्ये हे लोक कॅलिफोर्नियाच्या तुरुंगात जाऊन लिटल याला भेटले.

वय ७७, मधुमेह, हृदयविकार, चाकाची खुर्ची. त्याला त्या तुरुंगातून दुसरीकडे हलायचे होते. हॉलंड यांनी ही गरज ओळखली. चौकशी आरोपांनी सुरू करण्याऐवजी त्यांनी गप्पा सुरू केल्या. तो त्यांना ‘जिमी’ म्हणू लागला, ते त्याला ‘सॅमी’. पिझ्झा आणि त्याच्या आवडीचे डॉक्टर पेपर हे पेय येऊ लागले. फाशी मागणार नाही, अशी हमी सरकारी वकिलांकडून मिळवली गेली. त्यानंतर जे बाहेर पडले ते सुमारे ७०० तासांच्या मुलाखतींत मावले. १९७० ते २००५ या काळात आपण ९३ जणींना मारले, असे त्याने सांगितले.

आता या ९३ चे करायचे काय, हा खरा प्रश्न. टेक्सास रेंजर्सना तो नवा नव्हता, कारण पस्तीस वर्षांपूर्वी याच दलाने याच कामात नाक कापून घेतले होते.

१९८३ च्या जूनमध्ये हेन्री ली लुकास नावाचा भटक्या टेक्सासमध्ये पकडला गेला. त्याने दोन खून कबूल केले आणि मग न्यायाधीशांसमोर उभे राहून आणखी शंभराची भर घातली. जॉर्जटाउनच्या तुरुंगात त्याच्यासाठी खास कृतिदल स्थापन झाले. देशभरातून पोलीस आपापल्या जुन्या फायली काखोटीला मारून रांग लावू लागले. लुकास सगळ्यांना खूश करी. त्याला सिगारेटी मिळत, स्ट्रॉबेरी मिल्कशेक मिळत, विमानातून हिंडायला मिळे. बदल्यात तो हो म्हणे. २०० हून अधिक खून त्याच्या खात्यावर टाकून ‘उकलले’ म्हणून जाहीर झाले. चौकशीला बसण्यापूर्वी घटनास्थळाची छायाचित्रे आणि फायलीतील मजकूर त्याच्या नजरेस पडत होता, ही गोष्ट कोणाला फारशी खटकली नाही. आपल्या डोक्यावरची प्रकरणे कमी होत होती ना!

फुगा फोडला पत्रकारांनी. ह्यू एन्सवर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९८५ मध्ये ‘डॅलस टाइम्स हेराल्ड’मध्ये लुकासच्या हालचालींचा दिवसवार तक्ता मांडला. पगाराच्या नोंदी, वाहतूक दंडाच्या पावत्या, जुन्या अटका यांतून तो ज्या दिवशी एका राज्यात खून करत होता म्हणे, त्या दिवशी भलत्याच राज्यात कामावर होता असे दिसले. सगळ्या कबुल्या खऱ्या मानल्या, तर एका महिन्यात त्याने तेरा वर्षे जुन्या फोर्ड गाडीतून ११ हजार मैल, म्हणजे १७ हजारांहून अधिक किलोमीटर प्रवास केला असता. पुढच्याच वर्षी टेक्सासचे ॲटर्नी जनरल जिम मॅटॉक्स यांच्या अहवालानेही हेच दाखवले. ज्या एका खुनासाठी लुकासला फाशी सुनावली होती, त्या खुनाच्या दिवशी तो फ्लोरिडात छपरांच्या कामावर असल्याच्या नोंदी निघाल्या. १९९८ मध्ये गव्हर्नर जॉर्ज बुश यांनी त्याची फाशी जन्मठेपेत बदलली. २००१ मध्ये तो तुरुंगातच मेला. त्याच्या नावावर मिटवलेल्या अनेक खुनांत पुढे डीएनएने दुसरीच माणसे दाखवली. खोट्या कबुलीचे नुकसान ते हे: खरा खुनी बाहेर मोकळा राहतो, आणि त्याला शोधणारेही कोणी उरत नाही, कारण फाइल ‘उकललेली’ असते.

हा केवळ टेक्सासचा भोळेपणा होता असे म्हणावे, तर स्वीडनचे उदाहरण आहे. सेटर येथील मनोरुग्णालयात बंद असलेल्या स्टुरे बेरियवाल याने ‘थॉमस क्विक’ या नावाने तीसहून अधिक खुनांची कबुली दिली. १९९४ ते २००१ या काळात सहा खटल्यांत मिळून आठ खुनांसाठी तो दोषी ठरला, तेही जवळपास केवळ त्याच्या बोलण्यावर. त्याने सांगितले म्हणून नॉर्वेतील एका तळ्याचे पाणी उपसून काढण्यात आले. हाती काही लागले नाही. एका बालिकेच्या हाडाचा म्हणून न्यायालयात गाजलेला जळका तुकडा नंतरच्या तपासणीत हाड नव्हताच. लाकूड आणि गोंद यांचा तो गोळा होता. उपचारादरम्यान त्याला गुंगीची औषधे मोठ्या प्रमाणात दिली जात, आणि जितके भयंकर बोलावे तितके लक्ष जास्त मिळे. २००८ मध्ये माहितीपटकार हान्नेस रोस्ताम यांच्यापुढे त्याने सगळे मागे घेतले. २०१३ पर्यंत आठही निकाल रद्द झाले.

या पार्श्वभूमीवर लिटलच्या कबुल्यांकडे पाहिले म्हणजे हॉलंड आणि पॅलाझोलो यांनी नेमके काय वेगळे केले ते कळते. पिझ्झा आणि मिल्कशेक यांत फरक काहीच नाही. फरक पडला तो पडताळणीत. कैद्याला फाइल दाखवायची नाही. त्याने आधी सांगायचे, मग जुळवायचे. त्याला तारखा आठवत नसत, कधी कधी दहा-दहा वर्षांची चूक होई. पण चेहरे, गाडी कोणती होती, रस्ता कुठे वळत होता, मृतदेह कोणत्या उतारावर टाकला हे तो बारकाईने सांगे. लास व्हेगासमधील एका स्त्रीबद्दल बोलताना तिच्या तरुण मुलाशी आपली गाठ पडली होती, असे त्याने सांगितले. मायामीजवळच्या दलदलीत टाकलेल्या एकीचे नावही त्याला पुसट आठवत होते. असला तपशील वर्तमानपत्रात आलेला नसतो, आणि जिथे मृतदेहच सापडलेला नाही तिथे तो पोलिसांनाही ठाऊक नसतो. मग त्याच्या आयुष्यातल्या अटका, सुटका आणि हजेऱ्या एका कालपटावर मांडल्या गेल्या. त्या त्या वर्षी तो त्या गावात असू शकत होता का, हे आधी तपासायचे. त्यानंतर तिथल्या पोलिसांना फोन करून अशा वर्णनाची बेवारस प्रेते किंवा ‘मिसिंग’च्या नोंदी शोधायला लावायच्या.

त्याला चित्रकलेची आवड होती. खडू आणि जलरंग देऊन त्याच्याकडून मृत स्त्रियांची चित्रे काढून घेण्यात आली. एफबीआयने २०१९ च्या फेब्रुवारीत ती प्रसिद्ध केली आणि कोणी ओळखत असेल तर कळवा, असे आवाहन केले. खुन्याच्या हातची चित्रे लोकांपुढे ठेवणे अनेकांना किळसवाणे वाटले, आणि ते स्वाभाविक होते. पण काही जणींचा दुसरा एकही फोटो कुठे उपलब्ध नव्हता. ऑक्टोबर २०१९ मध्ये एफबीआयने जाहीर केले की ५० कबुल्या पडताळून खऱ्या ठरल्या असून उरलेल्याही विश्वसनीय वाटतात. अमेरिकेच्या इतिहासात एवढे सिद्ध खून दुसऱ्या कोणाच्या नावावर नाहीत. डिसेंबर २०२० मध्ये, वयाच्या ८० व्या वर्षी लिटल मेला, पण जुळवाजुळव थांबली नाही. १९७७ मध्ये मिसिसिपीत सापडलेल्या एका सांगाड्याची ओळख २०२१ मध्ये नातेवाइकांच्या डीएनएवरून वंशवेल जुळवून पटली. पोलिसांचा संशय लिटलवरच आहे.

कैदी बोललाच नाही तर? स्कॉटलंडचा पीटर टोबिन याचे नमुनेदार उदाहरण आहे. २००६ साली ग्लासगोच्या एका चर्चमध्ये केलेल्या खुनासाठी त्याला पुढच्या वर्षी जन्मठेप झाली. साठीचा माणूस असा खून पहिल्यांदाच करत असेल, हे तपास अधिकारी डेव्हिड स्विंडल यांना पटेना. त्यांच्या ‘ऑपरेशन अनाग्राम’ने टोबिनला विचारण्याच्या फंदात न पडता त्याचे आयुष्यच खणायला घेतले: राहिलेली घरे, वापरलेली खोटी नावे, विकत घेतलेल्या गाड्या. १९९१ मध्ये तो राहत असलेल्या बाथगेटच्या घरात पोटमाळ्यावर लपवलेला एक खंजीर मिळाला. त्यावरील त्वचेचे कण त्याच वर्षी तिथून बेपत्ता झालेल्या शाळकरी मुलीचे होते. तेथून माग इंग्लंडच्या किनाऱ्यावरील मार्गेट गावी, त्याच्या पुढच्या घरी गेला. नोव्हेंबर २००७ मध्ये तिथल्या परसातून तिचा आणि १९९१ च्या ऑगस्टमध्ये नाहीशी झालेल्या दुसऱ्या तरुणीचा, असे दोन मृतदेह बाहेर निघाले. दोन्ही खटल्यांत शिक्षा झाली. अनाग्राम २०११ मध्ये आवरण्यात आले आणि टोबिन २०२२ मध्ये तोंड न उघडताच मेला.

स्कॉटलंडमधलाच अँगस सिंक्लेअर दुसऱ्या गुन्ह्यांसाठी तुरुंगात असताना १९७७ च्या एडिंबरामधील दुहेरी खुनाचा आरोप त्याच्यावर ठेवला गेला. २००७ मध्ये तो खटला कोसळला आणि एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला नको या तत्त्वामुळे दार बंद झाले. स्कॉटलंडच्या संसदेने २०११ मध्ये कायदा बदलला. मग प्रयोगशाळेत, मुलींना बांधण्यासाठी वापरलेल्या कपड्यांच्या गाठी सोडवण्यात आल्या. गाठ मारणाऱ्याच्या हाताचा डीएनए गाठीच्या आतल्या घडीत, उजेड-हवेपासून सुरक्षित राहिला होता. २०१४ मध्ये, गुन्ह्यानंतर ३७ वर्षांनी, सिंक्लेअर दोषी ठरला. हे शक्य झाले ते १९७७ मधल्या कोणा कर्मचाऱ्याने गाठी न सोडता, न कापता जशाच्या तशा जपून ठेवल्या म्हणून. त्या काळी डीएनए तपासणी अस्तित्वातही नव्हती.

महाराष्ट्र-गोव्याच्या परिसरात या प्रश्नाची सर्वांत जवळची आठवण म्हणजे महानंद नाईक. शिरोड्याच्या या रिक्षाचालकाला एप्रिल २००९ मध्ये अटक झाली आणि १९९४ पासून १६ तरुणींना लग्नाच्या आमिषाने नेऊन, दुपट्ट्याने गळा आवळून मारल्याची प्रकरणे त्याच्याशी जोडली गेली. तेव्हा जुन्या बेपत्तांच्या आणि अकस्मात मृत्यूच्या नोंदी नव्याने उघडाव्या लागल्या. न्यायालयात मात्र मोजक्याच खटल्यांत जन्मठेप टिकली. बऱ्याच खटल्यांत पुराव्याअभावी तो सुटला. याचे कारण कायद्यात आहे. पोलिसांपुढे दिलेली कबुली भारतात पुरावा म्हणून चालत नाही. तिच्यातून एखादी वस्तू किंवा अवशेष हाती लागला, तर तेवढ्यापुरताच भाग ग्राह्य धरतात. पूर्वी हे पुरावा कायद्याच्या कलम २५ ते २७ मध्ये होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे. लुकास आणि क्विक यांच्यासारख्या प्रकरणांत हीच तरतूद निरपराधांची ढाल झाली असती. पंधरा वर्षे जुन्या, मुद्देमाल न जपलेल्या प्रकरणात तिच्यामुळे खरा गुन्हेगारही सुटतो. तरतूद सैल करणे हा त्यावरचा उपाय खचितच नाही. उपाय आहे तो अकस्मात मृत्यूचा पंचनामा नीट करण्यात, व्हिसेरा, कपडे आणि नखांचे नमुने सांभाळण्यात, आणि बेवारस मृतदेहांच्या डीएनएची बेपत्तांच्या नातेवाइकांशी तुलना करण्यात.

या शेवटच्या गोष्टीसाठी राष्ट्रीय डीएनए बँक उभारणारे विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले होते. खासगीपणाच्या मुद्द्यावर त्यावर बरेच आक्षेप आले, आणि जुलै २०२३ मध्ये सरकारने ते मागे घेतले.